दोन्ही रूळ कापायचे

मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि मुलुंडच्या आमच्या घरातली तिची खोली यांच्या आगगाड्यांनी बळकावली. खिडकीपासून कपाटापर्यंत प्लायवूडचं टेबल, त्यावर रूळ, स्टेशन, शेड आणि वीतभर लांबीची इंजिनं. खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की हे चिडायचे. मॉडेल म्हणायचं.

प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला नंबर असतो. रिमोटवर नंबर दाबला की तेवढंच इंजिन चालतं. यांनी महिनोन् महिने बसून एकेकाची चाल ठरवली होती. एक आळोखेपिळोखे देत निघायचं, दुसरं स्टेशन यायच्या आधीच हळू व्हायचं. माझ्या स्वभावाचा एवढा अभ्यास केला असता तर संसार सुखाचा झाला असता, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

कांजूरमार्गच्या एका कारखान्यात हे सुट्या भागांची मापं तपासायचे. चूक दिसली की गप्प बसणं यांना कधी जमलंच नाही. पोळीचा काठ जाड, पडदा एका बाजूला खाली, मी सांगितलेल्या गोष्टीतला वार चुकीचा. आयुष्यभर मला याचा वैताग आला.

मग कंपवात आला. आधी बँकेतली सही बिघडली, मग चहा अर्धा कप द्यावा लागू लागला. गोळ्यांनी दुपारपुरते हात ताळ्यावर यायचे, पुढे तेही कमी झालं. तरी यांनी मालाडच्या एका माणसाकडून जुनं इंजिन घेतलं. हात चालताहेत तोवर चालू देत, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या इंजिनाचा नंबर कुणालाच माहीत नव्हता, म्हणून त्याची चिप पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची होती. पुसायचा हुकूम नंबर घेऊन देत नाहीत. तो रुळांतल्या विजेबरोबर जातो आणि ती वीज जिथवर पोचते तिथवरची सगळी इंजिनं तो ऐकतात आणि पुसली जातात. म्हणून रुळांचा एक तुकडा बाकीच्या मांडणीपासून तोडावा लागतो. एक रूळ कापून भागत नाही, दोन्ही कापायचे. कापायचं काम माझ्याकडे आलं.

"ब्लेड उभं धर. उभं म्हणतोय मी! भेंडी चिरतेयस का?"

"मग चिरा तुम्हीच!" मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. भेंडी काय, साधं केळंही त्यांना सोलून द्यावं लागत होतं.

दोन्ही फटींत प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवले. मग यांनी मीटरच्या तारा फटीच्या अलीकडे-पलीकडे टेकवायला सांगितल्या. वीज जात असती तर मीटर वाजलं असतं. एका रुळावर वाजलं नाही, दुसऱ्यावरही नाही.

"बरोबर आहे," हे म्हणाले. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

"इंजिन मी ठेवते," मी म्हणाले.

"नको. कापलंस तू, ठेवणार मी."

चाकं रुळावर बसेनात. मी बघत असले की यांचे हात जास्तच थरथरतात, म्हणून खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत उभी राहिले. बऱ्याच वेळाने "बसलं" असं ऐकू आलं. यांनी स्विच फिरवून वीज फक्त त्या तुकड्याला दिली आणि पुसायचं बटण दाबलं. पुसलेल्या चिपचा नंबर आपोआप तीन होतो, म्हणून स्विच पुन्हा सगळ्या मांडणीवर घेऊन यांनी तीन दाबलं आणि वेग दिला.

शेडमधली सगळी इंजिनं एकदम हलली. सगळ्यांना सारखाच हिसका बसला आणि ती एकमेकांवर आपटली. आळोखेपिळोखे देणारंही त्यांतच होतं.

यांनी वेग शून्यावर आणला. मी वाकून पाहिलं. मालाडहून आणलेल्या इंजिनाची मागची चाकं फटीच्या पलीकडे होती, म्हणजे इंजिनच दोन्ही बाजू जोडून उभं होतं. त्यातूनच तो हुकूम सगळीकडे गेला होता. हे माझ्या आधीच तिकडे बघत बसले होते.

"माझाच काप नीट बसला नसेल," मी घाईघाईने म्हणाले. "प्लॅस्टिक हललं असेल हो. आपण परत एकेकाची चाल ठरवू."

मीटर यांच्या समोरच पडलं होतं. काहीतरी काय बोलतेस, डोळे फुटले का तुझे, असं आता ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडावं म्हणून मनातल्या मनात विनवत होते.

यांनी एकदा फटीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे.

"हो," म्हणाले. "तुझाच काप चुकला असेल."

मग टेबलावर टाकायला एखादी जुनी चादर आण म्हणाले. मी चादर आणायला गेले आणि कपाटाचं दार उघडून त्याच्याआड खूप रडले.