पडक्याचं पुढं काय झालं

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्टच त्याची आहे तर घेते. मच्छिंद्र. धायरीत आमचं शेत होतं. आता त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि जिथं वांगी यायची तिथं लोकांच्या गाड्या लागतात. शेत गेलं तशी या माणसाच्या पायाला भिंगरी लागली. दारातून गॅलरीत, गॅलरीतून दारात. लिफ्टनं खाली जायचं, वॉचमनला दोन शब्द सुनावायचे, परत वर यायचं. मी म्हणायची, "अहो, बसा की जरा, फरशी झिजंल." ऐकतंय कोण!

आमची सून नम्रता यवतमाळची. आमच्या मुलासारखीच, विक्रमसारखीच, आयटीत आहे. सहावा महिना लागला तसं डॉक्टरांनी तिला घरूनच काम करायला सांगितलं. काम संपलं की ती सोफ्यावर पाय वर घेऊन उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक उघडायची. आमच्याकडं सासरा सुनेशी कामापुरतं बोलतो. चहा झाला का, विक्रम आला का, संपलं. दोन वर्षं तेवढंच चाललं होतं. एक दिवस ह्यांना राहवलं नाही.

"येवढं काय हाय त्यात?"

ती बिचकली. "एक देवदूत असतो, बाबा. स्वर्गातून खाली पडलेला."

"पडला? लागलं का त्याला?"

ती अशी हसली की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "पंख गेले त्याचे," ती म्हणाली. "वर जायचा रस्ता बंद. आणि खाली सगळं पऱ्यांचं राज्य."

झालं! दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचे सहा वाजले की हे तोंड धुऊन, टोपी घालून, सोफ्यासमोर खुर्ची टाकून कीर्तनाला बसल्यासारखे बसायला लागले. देवदूताचं नाव ह्यांच्या जिभेला झेपेना. नम्रतानं पुस्तकात बोट ठेवून दाखवलं, तरी झेपेना. मग ह्यांनीच त्याचं बारसं केलं, पडका. पऱ्यांची राणी म्हणजे ह्यांच्या लेखी साती आसरांतली थोरली. "आमच्या विहिरीत होत्या की साती जणी," हे सुनेला सांगायचे. "आई त्यांना हिरवा खण आन् दहीभात ठेवायची."

"मग त्याच समजा," नम्रता म्हणायची. "फक्त ह्या पऱ्यांना खोटं बोलता येत नाही."

"खोटं बोलता येत न्हाई? मग राज्य कसं करतात?"

"शब्द फिरवतात, बाबा. नेमका शब्द ऐकला नाही की माणूस फसलाच."

हे ह्यांनी मनावर घेतलं. मी बाजूला मेथी निवडत असायची. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

तर पडका राणीच्या दरबारात अडकला. एकीकडं ती म्हणते पंख परत देते, दुसरीकडं तिचंच मन त्याच्यावर बसलेलं. तो वर जाणार की राहणार? जेवताना घास हातात धरून हे मला विचारायचे, "विजे, देईल का गं ती पंख?"

"मला काय ठाऊक? मी काय आसरा आहे?"

"न्हाई, तशी दिसत तर न्हाईस." असा हा माणूस!

सातव्या महिन्यात सुनेला माहेरी पाठवायची तारीख ठरली, आणि पुस्तक अजून दोन बोटं उरलं होतं. त्यात विक्रम फोनवर कुणाला तरी सांगत होता ते माझ्या कानावर आलं, कंपनी बंगळूरला पाठवतेय, बाळंतपण झालं की नम्रताही तिकडंच. आम्हाला पोरानं अवाक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या पोटात काही राहत नाही, मी ह्यांना सांगून टाकलं. तिथंच चुकले. दुसऱ्या दिवशी पुस्तक गायब!

नम्रतानं घर पालथं घातलं. हे पेपरात तोंड खुपसून बसलेले. मला सापडलं, गव्हाच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्याखाली.

"लाज नाही वाटत? पोटुशा पोरीचं पुस्तक चोरता?"

"राहू दे. अर्धी गोष्ट टाकून कुणी जात न्हाई," हे म्हणाले. मला राग आला होता, खरं सांगते. पण डब्याचं झाकण मीच लावलं.

तिचे वडील नागोराव न्यायला आले. मी ओटी भरली. ती पाया पडली आणि दारात म्हणाली, "निघते, बाबा." गाडी गेली, तरी हे फाटकाशीच उभे.

"'येते' म्हणाली न्हाई," हे म्हणाले. "घरातनं जाताना 'येते' म्हणतात. तिला बंगळूरचं ठाऊक हाय. खोटं बोलवंना, म्हणून शब्द फिरवला."

मी म्हणाले, यवतमाळकडं तसंच म्हणत असतील. पण मलाही माहीत होतं की ही पोरगी भाजी आणायला खाली जातानासुद्धा 'येते' म्हणायची.

पुढचा महिना ह्यांनी मला जगू दिलं नाही. दहादा डबा उघडायचा, पुस्तक काढायचं, खुणेच्या पानापासून ओळींवर बोट फिरवत पडक्याचं नाव शोधायचं. तेवढा एक शब्द ह्यांना ओळखता यायचा. एकदा धावत स्वयंपाकघरात आले. "शेवटच्या पानावर त्याचं नाव हाय! म्हणजे मेला न्हाई."

"मेलेल्याचंही नाव घेतात लोक," मी फटकन बोलले. ह्यांचा चेहरा बघून माझं मलाच वाईट वाटलं.

शेवटी एका रविवारी दुपारी नम्रताचा फोन आला आणि ह्यांचा धीर सुटला. "पोरी, पुस्तक मी लपवलंय. गव्हाच्या डब्यात हाय."

ती खळखळून हसली. "ते मी कॉलेजात असताना तीनदा वाचलंय, बाबा. शेवट पाठ आहे मला."

"मग इतके दिस लावलेस कशाला?"

"तुम्ही विचारत होता ना. एकेका प्रसंगाचे दोन-दोन दिवस केले मी. त्या घरात दुसरं कोण बोलत होतं माझ्याशी?"

फोन स्पीकरवर होता. ते मलाही लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"सांगू का आता शेवट?" ती म्हणाली. "पाच मिनिटं लागतील."

हे उठले. गॅलरीपर्यंत गेले, परत आले. ज्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता ते समोर आलं, आणि हा माणूस म्हणतो, "नको. फोनवर नको. बंगळूरचं ठाऊक हाय मला. जा, माझी ना न्हाई. पण आधी इथं येऊन सांग."

मग माझ्याच्यानं राहवेना. "आणि मलाही ऐकायचंय गं! इतके दिवस मी काय नुसती मेथी निवडत होते?"

तिनं नाक ओढलं. फोन ठेवताना माणूस 'ठेवते' म्हणतं. ती म्हणाली, "येते, बाबा. येते, आई."

"शब्द ऐकलास?" हे म्हणाले.

"ऐकला."

मग हे बसले. चांगली दहा मिनिटं बसले. नंतर पुस्तकाला गव्हातली कीड लागली की काय, ते बघायला उठले.