सुषमा घाबरली नव्हती

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

चिखलोलीत म्हाताऱ्या माणसांचं एक नर्सिंग होम आहे, तिथे मी इन्चार्ज सिस्टर आहे. काम छान चाललंय. मुली माझं ऐकतात. लोक आपले आईवडील विश्वासाने सोडून जातात. सकाळी अंबरनाथहून निघताना मला बरं वाटतं — खोटं कशाला बोलू? मी सुखात आहे.

पण ही खुर्ची मला मिळाली कशी?

तेव्हा मी आणि सुषमा, दोघी साध्या स्टाफ नर्स. इन्चार्ज आमच्यातूनच निवडायची होती. एका दुपारी चहाच्या वेळी, कॅम्प पाच वस्तीतून आमच्याकडे राहायला आलेल्या एका म्हाताऱ्या सिंधी दादांच्या घशात बिस्किट अडकलं. चेहरा काळानिळा. मी शेजारीच होते — आणि माझे पाय हललेच नाहीत. सगळं शिकलेली होते, तरी. सुषमा धावत आली, दादांना पुढे वाकवलं, पाठीवर जोरात थापा मारल्या, मग मागून धरून पोट दाबलं. घास बाहेर पडला. दादा लहान मुलासारखे रडायला लागले. ती त्यांना धरून तोंड धुवायला घेऊन गेली.

तेवढ्यात डॉक्टर आले. नर्सिंग होम त्यांचंच.

"कोणी सांभाळलं?"

"मी," मी म्हणाले. तिथे तरी थांबायचं, नाही का? पण नाही — मीच पुढे म्हणाले, "सुषमा जरा घाबरते हो अशा वेळी."

हे मला कोणी विचारलं होतं?

इन्चार्ज मी झाले. सुषमानेच पेढे आणले. दादांना तिने कसं वाचवलं, ते मी डॉक्टरांना सांगितलं असणार, असं ती धरून चालली. डॉक्टर मात्र तिला नाजूक पेशंटपासून लांब ठेवत गेले.

यंदा माझ्या जोडीला आणखी एक इन्चार्ज हवी होती. मी सुषमाला विचारलं. ती हसली.

"नको गं ताई. मी घाबरते ना — डॉक्टर कधीपासून म्हणतात. आता मलापण तसंच वाटतं."

आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "बरं, नको तर नको."

ती जागा एका नव्या मुलीला दिली. सुषमा आता तिच्या हाताखाली काम करते. दोघींचं छान जमतं.