शंभराच्या पुढची नावं

ऑफिसात सगळे तिला आत्या म्हणत. घरी लेकीने ठेवलेलं नाव होतं चुळबुळ, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त शोभायचं. पाच मिनिटं बसली की उठायची, खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा बसायची. अशा बाईने चाळिशी उलटल्यावर कारकुनी सोडून वेबसाइट बनवायला शिकावं, याला काय म्हणावं! पण शिकली. तेव्हा घेतलेलं तळहाताएवढं पुस्तक कायम तिच्या पर्समध्ये असे. पानावर कॉम्प्युटरला द्यायची एक आज्ञा, खाली दोन ओळींत ती काय करते ते, आणि एक उदाहरण. नेटवर प्रश्न टाकला की चाळीस जण भांडत उत्तरं देतात. पुस्तक भांडत नाही.

आज ती हॉस्पिटलच्या नोंदणी खोलीत होती. मोबाइल दाराशी जमा, आणि तिथल्या कॉम्प्युटरला नेट नाही. तक्रार तिनेच बनवलेल्या वेबपानाची होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची यादी. ज्याचे जास्त दिवस झाले, त्याचं नाव वर. रोज वरच्या दोघांना तारीख सांगायला फोन जायचा. तपासण्या होऊन नाव यादीत चढायलाच महिना लागे, त्यामुळे तीस दिवसांच्या आतलं कोणी तिथे नव्हतं.

"हे आजोबा गेल्या महिन्यात अगदी वर आले होते," सिस्टर म्हणाली. "परवा शोधते तर तळाशी. एकशे एकतीस दिवस झालेत हो त्यांना!"

आत्या उठली, दारापर्यंत जाऊन आली. तळाशी सतरा नावं होती, आणि प्रत्येकापुढे शंभराच्या वरचा आकडा. नव्याण्णव दिवसांपर्यंत माणूस नीट वर चढत होता आणि शंभर झाले की धाडकन खाली.

तिने पर्समधून पुस्तक काढलं. क्रम लावायच्या आज्ञेचं पान सापडायला अर्धं मिनिट लागलं. तिथे साफ लिहिलं होतं: वेगळं सांगितलं नाही, तर ही आज्ञा आकड्यांनाही अक्षरांसारखं लावते. म्हणजे आधी पहिला अंक बघायचा, आकडा केवढा ते नाही. नऊने सुरू होणारे वर, एकने सुरू होणारे खाली. मग एकशे एकतीस असोत की शंभर, जागा तळाचीच.

यादीचं ते वेबपान बनवलं त्या दिवशी ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला हसला होता, "आत्या, ते पुस्तक आता म्युझियमला देऊन टाका." तिला लागलं होतं. पुस्तक पर्समध्येच ठेवून तिने नेटवरून कोडच्या तीन ओळी उचलल्या, आणि तपासताना एकही आकडा शंभराच्या पुढचा घेतला नाही. आता तिला दाढीवाल्याचा नाही, स्वतःचाच संताप आला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं!

उदाहरण बघून तिने ओळ बदलली. सतरा नावं वर गेली, आजोबा पहिले.

"घरच्यांना काय सांगू?" सिस्टरने फोन उचलत विचारलं. "कॉम्प्युटरचा घोळ झाला म्हणते."

आत्याला ते बरं वाटलं, क्षणभर. कोणाला कळणार होतं? तिने टेबलाला एक फेरी मारली, दुसरी मारली.

"थांबा, मीच बोलते."

फोन आजींनी घेतला.

"आजी, ही यादी मी बनवलीय. माझ्या चुकीमुळे आजोबांचा नंबर महिनाभर मागे पडला. माफ करा."



"म्हणजे नाव होतं आमचं?" आजी म्हणाल्या. "मला वाटलं, यांनीच फॉर्म नीट भरला नसेल. रोज बोलत होते हो मी त्यांना. महिनाभर रोज. बिचारे गप्प ऐकून घ्यायचे."

मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि लांबून, "अहो, ऐकलंत का? तुमचं नाव होतं! होतं नाव तुमचं!"

सिस्टरने ऑपरेशनची तारीख लिहिलेला कागद पुढे केला. आजी फोनवर परत आल्या, तेव्हा आत्याने जागची न हलता ती तारीख दोनदा वाचून दाखवली.