एकच बोकड पुन्हा पुन्हा विकला

कबड्डी स्पर्धेच्या समितीत मला घेतलं नाही, हा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. समितीचे अध्यक्ष रस्त्यांची कामं घेणारे ठेकेदार. बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "याला नको. हा वर्गणीतसुद्धा घासाघीस करील." लोकांच्या शेळ्या बाजारात हाकत नेण्यापासून मी धंदा उभा केला. घासाघीस केली नसती, तर आजही लोकांच्याच हाकत असतो.

तरी बक्षिसाचा बोकड मीच दिला. कारण स्पर्धा जव्हारकडच्या वांगणी गावातल्या एका मुलीसाठी होती. शाळेच्या संघात चढाईला तिचा हात कुणी धरत नसे. तिला हाडाचा कॅन्सर निघाला. मुंबईत उपचार सरकारी योजनेतून चालू होते, पण आईबापांनी राहायचं कुठं, खायचं काय? मजुरी बुडाली, पैसे संपले आणि तिघं उपचार अर्धवट सोडून गावी आली. डॉक्टर परत बोलावत होते, उशीर करू नका म्हणत होते.

मोखाड्याचं मैदान त्या दिवशी नुसतं उसळत होतं. अंतिम सामना जव्हारच्या पोरांनी शेवटच्या चढाईत मारला. कप्तानाने बोकड खांद्यावर घेऊन फेरी मारली आणि माईकवर ओरडला, "आम्ही हा खाणार नाय! विका, पैसे तिला द्या!"

विकणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्षांनी तोंड वाकडं करत माईक पुढे केला. मी तो ओढूनच घेतला.

पहिली बोली स्टेशनच्या फेऱ्या मारणाऱ्या एका जीपवाल्याने जिंकली. पैसे दिले आणि म्हणाला, "बोकड परत घ्या. पुन्हा विका!" शिट्ट्या सुरू झाल्या. मग चहाच्या टपरीवाल्या मावशींनी घेतला, त्यांनीही परत दिला. माझ्या अंगात वारं शिरलं. मी अध्यक्षांकडे वळलो.

"शेठ, रस्त्यात खडी कमी पडते तुमची, इथं तरी आकडा भरीव बोला!"

ते लाल झाले, पण आकडा बोलले.

"एवढ्यात शेपूट येईल फक्त!"

मैदान हसत होतं आणि ते चढत होते. शेवटी त्यांनी पैसे टाकले आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. "आता बोकडवाल्याने बोली लावायची!"

"माझाच बोकड मी विकत घेऊ?"

"का? घासाघीस कर की!"

माझं डोकं फिरलं. "तुमच्या दुप्पट!" तोंडातून निघून गेलं. पण मागे हटतो कसला! "आणि मुलीच्या आईबापांची मुंबईतली खोली मीच ठरवणार. तिथं बघा माझी घासाघीस!"

हिशेब झाला. उपचार संपेपर्यंत आईबापांचा मुक्काम भागणार होता. डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसलेली मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, आता पुरतं बरं होऊनच यायचं."

बाप उठला, त्या जीपवाल्याजवळ गेला. "सकाळी पहिली गाडी कधी सोडतोस? हिला पुढची जागा ठेव."