पनवेलमध्ये ‘एकला’ची विचारपूस

कराडहून निघालेली बस पनवेलच्या स्टँडवर लागली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. घाट उतरल्यापासून दमट हवा अंगाला चिकटली होती. पुलाखालून रिक्षांची रांग सरकत होती आणि जो तो कुठेतरी जायच्या घाईत होता. या गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. काही घरांत माझी भांडी होती, तेवढीच ओळख.

भांडं म्हणजे ‘एकला’ नावाचा छोटा कुकर. खाली वरण, वर भात, एका माणसापुरता. मी एकटी राहते. मोठ्या कुकरच्या तळाशी मूठभर तांदूळ शिजवायचा कंटाळा आला, तेव्हा तो मला सुचला, आणि माझी भागीदार सुनंदा हिच्या कारखान्यात आम्ही तो बनवला. पहिला माल पनवेलच्या बाजूला बरा खपला. फोन करून विचारलं की सगळे म्हणत, छान आहे. पण कुणी दुसरा मागवला नाही, की आणखी कुणाला सुचवला नाही. आता त्याच साच्यातून पुढचा माल काढायचा की थांबायचं, ते ठरवायचं होतं. म्हटलं, छान म्हणजे काय ते जाऊनच बघावं.

स्टेशनजवळच्या लॉजवर पिशवी टाकली आणि नवीन पनवेलला गेले. इथल्या इमारती इतक्या सारख्या, की दोनदा चुकीच्या जिन्याने वर जाऊन परत उतरले. प्रधानकाका दार उघडून वाट बघत उभे होते. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, घरात एकटेच. त्यांनीही आधी छानच म्हटलं. मी भांडं बघायला मागितलं, तेव्हा त्यांनी ते माळ्यावरून काढलं. प्लास्टिक तसंच होतं.

काही बिघडलंय का, असं मी विचारलं. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत ते म्हणाले,

“मुलाने कॅनडाहून मागवलं. खोक्यावरचं नाव वाचलं आणि वाटलं, आता हा काही परत येत नाही.”

ते नाव मी ठेवलं होतं. एकटं राहण्यात कमीपणा नाही, असं ठणकावून सांगणारं नाव म्हणून मला ते आवडलं होतं.

काकांनी जेवायला थांबवून घेतलं. स्वयंपाक त्यांनीच जुन्या मोठ्या कुकरमध्ये केला होता. भात आणि बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ). उरलेलं ते शेजारच्या बाईंना देतात, त्या कधी पोळ्या पाठवतात, असं म्हणाले. निघताना भांडं परत न्याल का म्हणून विचारलं, आणि मुलाला वाईट वाटणार नाही असं काहीतरी कळवा, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तळोज्याला जायचं होतं. रिक्षावाल्याने मला तळोजा गावात सोडलं. गिऱ्हाईक राहत होतं औद्योगिक वसाहतीच्या बाजूला. धूळ आणि ट्रक चुकवत चालले. हवेत एक आंबूस, घशाला लागणारा वास होता. खोली सापडली तेव्हा उदगीरचा दत्ता नुकताच ड्युटीवरून आला होता. त्याचा खोलीतला जोडीदार कामावर गेला होता. दोघांच्या पाळ्या उलट्या, त्यामुळे आठवडा आठवडा गाठ पडत नाही. जो घरी येतो तो शिजवतो आणि दुसऱ्यासाठी ठेवून जातो.

“भांडं भारीय मॅडम, पण लहान पडतंय,” दत्ता म्हणाला. “त्याला ठेवलं की मला पुरत नाही, अन् मी पोटभर जेवलो तर त्याला काय ठेवू?”

कडीही तापते, फडकं धरावं लागतं, असं त्याने करून दाखवलं. मी हात लावून पाहिला आणि बोट भाजून घेतलं. तो हसला, मीही हसले. त्या प्रवासात मी तेवढंच हसले.

तिथून विचुंबे गावात पोचले तेव्हा समोर प्रबळगड धुरकट दिसत होता. नव्या टॉवरच्या मागे जुनं गाव आहे. तिथे राहणाऱ्या गुलाबबाईंनी हा कुकर एका प्रदर्शनात घेतला होता. चुलीपाशीच पाट देऊन त्यांनी मला जेवायला वाढलं. कुकरमध्ये निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) कालवण होतं. रोज वापरून तो काळा पडला होता, आणि नावाची पट्टी मात्र खरवडून काढलेली होती.

“भांडा चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “पन त्यावर लिवलेला नाव नाय पटला. मालक गेलं, पोरी सासरी नांदतान. मी एकली हाय ता मना ठाव हाय. भांड्यानं कशाला सांगाचा?”

मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या घरी कोण कोण हाय? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

परतीच्या बसमध्ये काकांचं भांडं मांडीवर घेऊन बसले. घाटात खिडकीच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता. ते नाव मी लोकांसाठी ठेवलं होतं, की स्वतःला धीर द्यायला, याचा पहिल्यांदाच विचार केला.

सुनंदाला सगळं सांगितलं. माल थांबवला. नवा साचा दीड माणसाचा केला, म्हणजे स्वतः जेवून कुणासाठी तरी ठेवता येईल एवढा. कडीला लाकडी मूठ बसवली. नाव काढून टाकलं. आता भांड्यावर काहीच नाही. खप थोडा वाढला, फार नाही. फोनवर मात्र आता भांडं कसं आहे असं आम्ही विचारत नाही. आज काय शिजवलं, असं विचारतो. लोक बोलत राहतात.

प्रधानकाकांच्या मुलाला, बाबांना थोडं मोठं भांडं हवंय, एवढंच कळवलं होतं. त्याचा फोन आला. बाबा आणखी काही म्हणाले का, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, ते त्यांनाच विचारा. मी त्यांच्याकडे जेवले, एवढं सांगते.

मग त्याने हळूच विचारलं, “काय केलं होतं त्यांनी?”

“बिरडं,” मी म्हटलं.

“आई करायची,” तो म्हणाला. “त्यांना येतं, हे मला माहीतच नव्हतं.”

फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी गेले. वाल भिजत घातले, मला एकटीला लागतील त्याहून थोडे जास्त.