तळमजल्यावरच्या मावशींचे प्रश्न

नव्या शहरात सामान उतरवून होतंय न होतंय, तोच तळमजल्यावरच्या मावशी दारात हजर. त्यांनी आधी चष्मेवालीकडे पाहिलं, मग खोकी उचलणाऱ्या तिच्या उंच, काळ्याभोर नवऱ्याकडे, आणि मग दोघांच्या पायांत लुडबुडणाऱ्या छोट्या भिंगरीकडे.

"ही पोर तुमची की त्यांची?"

"आमची," चष्मेवाली म्हणाली.

"म्हणजे दोघांची?"

"निम्मी निम्मी वाटून घेतलीय," नवरा आतून ओरडला, "रडते तेव्हा हिची, झोपते तेव्हा माझी!"

चष्मेवाली गव्हाळ, सरळ केसांची. नवऱ्याचे आजे-पणजे दुसऱ्याच खंडातले. भिंगरीने बापाचे कुरळे केस घेतले, आईचं नाक घेतलं आणि रंग दोघांच्या मधला निवडला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला इथे बढती मिळाली म्हणून बिऱ्हाड हललं, आणि तिलाही चौकातल्या चष्म्याच्या दुकानात पूर्वीचंच काम मिळालं.

काम असं, की दिवसभर अनोळखी माणसाच्या चेहऱ्यात डोकं घालून बसायचं. चष्म्याची काडी गरम करायची, कानामागे बसेल अशी वाकवायची. कुणाचा एक कान वर, कुणाचं नाक बसकं. त्यामुळे माणसं निरखायची तिला खोडच लागली होती. बसमध्ये कुणी या तिघांकडे टक लावून पाहिलं, की तीही त्याच्या नाकाचं माप डोळ्यांनी घेऊन टाकायची. फिट्टंफाट.

मावशींचं मात्र तिला कोडं पडलं. जिन्यात गाठून त्या विचारत, "जन्मली तेव्हा एवढीच सावळी होती, की रंग नंतर चढला?" दुसऱ्या दिवशी, "केस ओले विंचरता की कोरडे?" आणि एकदा, हळूच, "बापाकडची आजी हिला जवळ घेते का हो?"

चष्मेवाली विचारात पडली. भोचक बायका वेगळं विचारतात. लग्न जमलं कसं, घरच्यांनी काय गोंधळ घातला, यातलं मावशींनी चकार शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पोरीवर. का बरं?

उत्तर दुकानात चालत आलं. मावशी चष्मा करायला आल्या. चष्मेवाली त्यांच्या तोंडावर फ्रेम बसवून बघत असताना त्यांनी पिशवीतून फोन काढला. "यातलं नीट दिसायला हवं. बाकी काही दिसलं नाही तरी चालेल."

फोटोत एक तरुण, परक्या वंशाची त्याची बायको आणि टोपी घातलेला लहान मुलगा.

"कोण हा?"

"नातू. भाचीने फोटो पाठवला." मावशी घुटमळल्या. "लग्न केलं तेव्हा लेकाला म्हटलं, तोंड दाखवू नकोस. त्याने शब्द खरा केला."

चष्मेवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ रागही आला. "म्हणजे माझ्या मुलीला तुम्ही नमुना म्हणून बघत होता?"

"हो," मावशी म्हणाल्या. "दुसरं कोण होतं बघायला?"

बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण मावशींचा चेहरा तिच्या दोन्ही हातांत होता, आणि चेहरा हातात धरून भांडता येत नाही. तिने काडी पुन्हा गरम केली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो भांडी घासता घासता हसत सुटला. "माझ्या आईने तुला पाहिल्यावर काय विचारलं होतं, आठवतं? ही पोरगी जेवते तरी का!" मग गंभीर झाला. "बोलाव त्यांना वर. इथूनच फोन लावू. एकटीने त्यांचं धाडस व्हायचं नाही."

रविवारी मावशी आल्या. भाचीकडून मिळवलेला सुनेचा नंबर लावला. पडद्यावर सून दिसली, तिच्या मांडीवर तो मुलगा. आणि जगभरचे प्रश्न विचारणाऱ्या मावशी गप्प!

भिंगरीला तेवढा धीर कुठला? ती मधे घुसली आणि बडबडत तिने पडलेल्या दाताची खिडकी बोटाने दाखवली. मुलाला तिचं बोलणं कळलं नाही, पण त्याने आ वासला. त्याचेही दोन दात गायब! दोघं तोंडं उघडून फोनला चिकटली.

"कोण आहे गं?" आतून पुरुषाचा आवाज आला. सुनेने फोन त्याच्याकडे वळवला.

लेक आईकडे बघत राहिला. "गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"दुखतो," मावशी म्हणाल्या, आणि नवा चष्मा काढून पदराने पुसत बसल्या.

त्या दिवशी एवढंच झालं. पुढच्या रविवारी फोन लेकानेच केला. येणं-जाणं अजून नाही. त्याच्या मनातली अढी एवढ्यात सुटणारी नव्हे. पण मावशींनी नातवाची भाषा शिकायला घेतलीय आणि शब्द अडला की त्या थेट चष्मेवालीच्या नवऱ्याला गाठतात. त्याला ती भाषा ओ की ठो येत नाही.

"मग बायकोची भाषा कशी शिकलास रे?"

"आधी भांडायला शिकलो, मावशी. बाकीचं आपोआप आलं."