एल्कची जागा, वेलुवेची हाळी

आधीच सांगतो, मी अमावस्येला केस कापून येणारा माणूस आहे. आमच्या नेदरलँड्समधल्या, डीमन गावातल्या बिल्डिंगची लिफ्ट मधेच थांबली तर शेजारच्या काकू रामरक्षा म्हणतात, मी मेंटेनन्सवाल्याला फोन लावतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण काय करू... डोक्यातून जात नाही.

गोष्ट २०२० ची. माझा आत्येभाऊ नंदन अमेरिकेत कोलोराडोला असतो. पुण्यात असताना आम्ही दोघांनी मिळून सह्याद्री पालथा घातला होता. लॉकडाऊनमध्ये लोक केळ्याचा केक शिकले, हा पठ्ठ्या धनुष्यबाण शिकला आणि एल्कची शिकार करायचं डोक्यात घेऊन बसला. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा, अंगाने घोड्याएवढा. घरात अंडंही न शिजवणाऱ्या आत्याला अर्थातच 'ट्रेकिंग' असं सांगितलं होतं.

तिकडे चांगल्या भागांतले टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, मोजके. ते लॉटरीने मिळतात आणि नंबर लागायला वर्षं जातात. पण धनुष्यवाल्यांना काही भागांत दुकानातून सरळ टॅग विकत घेता येतो. जमीन सरकारी, कुणीही जावं. मेख अशी की सगळेच जातात — आणि जिथवर गाडी पोचते तिथे एल्क फिरकत नाही.

"निल्या, तू नकाशेवाला ना? मग जागा शोधून दे," नंदन म्हणाला.

मी नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो. समुद्रसपाटीच्या पातळीला बसून दहा हजार फुटांवरचे डोंगर वाचायला लागलो. उत्तरेचा उतार हवा, तिथे सावली आणि दाट झाडी असते. उतारावर मधेच एखादी माची हवी, जवळ पाणी, वर चरायला कुरण. आणि गाडीरस्ता नि ही जागा यांच्या मधे डोंगराची एक कंटाळवाणी सोंड हवी, जी चढायचा बाकीच्यांना आळस येईल. दिवसभर मीटिंगा आणि मधल्या वेळात हेच. "नॉर्वेला हॉटेल शोधायला तुला वेळ नसतो," माझी बायको मृणाल म्हणाली, "हरणांना मात्र बरोबर घर शोधून देतोयस."

शेवटी जागा सापडली. नंदन खूश झाला.

खरं तर मीही जाणार होतो. शिकारीला नाही, सोबतीला. पण अमेरिकेने युरोपातून येणाऱ्यांना दार लावलेलं. नंदन एकटाच निघाला आणि मला तेवढंच खुपत होतं. रानात दुसरा माणूस हवाच, हाळी द्यायला.

हाळीचं जरा सांगतो. मावळात फिरताना आम्ही एक पद्धत उचलली होती — रानात कुणाला नावाने हाक मारायची नाही. 'नाव ऐकणारे आपण एकटेच नसतो,' असं तिकडे म्हणतात. आम्ही हसायचो, पण पाळायचो. लांबलचक 'होऽऽऽ', शेवटी वर चढलेली. एकदा दिली तर 'मी इथे आहे'. लागोपाठ दोनदा दिली तर 'परत फिर'. ऐकणाऱ्याने ओ द्यायची, आणि ओ आली की आपण पुन्हा एक द्यायची. त्याशिवाय हाळी पुरी होत नाही.

नंदन रानात गेल्यावर त्याचा फोन बंद झाला, ते अपेक्षितच होतं. त्या शनिवारी मी आणि मृणाल वेलुवेच्या जंगलात गेलो. इथे धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, पण सप्टेंबरात लाल हरणं माजावर येतात आणि लोक ती बघायला जातात. माळाच्या कडेला दुर्बिणी घेतलेले डच लोक दीड-दीड मीटर अंतर ठेवून उभे होते. ऊन कलत होतं, म्हणजे तिकडे कोलोराडोत सकाळ. नर ओरडत होते, मृणाल व्हिडिओ काढत होती.

मला नंदनची आठवण आली आणि गंमत म्हणून मी हाळी दिली. एकच द्यायची होती. तोंडातून लागोपाठ दोन गेल्या... का, ते आजही सांगता येत नाही.

एका डच आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बास. तेवढ्यात माळाच्या पलीकडून ओ आली. लांबलचक, शेवटी वर चढलेली. अगदी आमचीच.

"इथे अजून कुणी आपलं आहे वाटतं," मृणाल म्हणाली.

पण पलीकडचा भाग त्या दिवसांत माणसांना बंद असतो. मी पुन्हा हाळी देणार होतो, पण आजोबांची नजर बघून गप्प बसलो.

रविवारी आत्याचा पुण्याहून फोन. "अरे, नंदनचा फोन लागत नाहीये. तुला काही बोलला का?"

"ट्रेकला गेलाय गं आत्या. रेंज नसेल," मी म्हणालो. तिकडे अवेळी बर्फ पडल्याचं मी वाचलं होतं. ते तिला सांगितलं नाही.

सोमवारी नंदनचा फोन आला. आवाज पार घोगरा.

"शनिवारी सकाळी ढगात अडकलो. वरून बर्फ. वाट दिसेना, म्हणून आपला जुना नियम — ओढा धरून उतरायचं, खाली गाव लागतंच. इथे कसलं गाव, पण तेव्हा सुचलं नाही. उतरत होतो आणि मागून दोन हाळ्या आल्या. तुझा आवाज चिरकतो ना शेवटी, तश्शा. मुकाट्याने मागे फिरलो नि झाडाखाली बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा बघितलं. थोडं खाली तो ओढा सरळ कड्यावरून पडत होता."

मी त्याला माळावरचं सांगितलं. "आणि तुझी ओ आम्ही दोघांनी ऐकली रे."

त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"निल्या, मी ओ दिलीच नाही. घसा बसला होता, आवाजच फुटत नव्हता."

मग मी आणि मृणालने तिने काढलेला व्हिडिओ लावला. माझ्या दोन हाळ्या ऐकू येतात. मृणालचं वाक्यही येतं. मधे ओ नाही, नुसता वारा. फक्त त्याच क्षणी सगळी हरणं एकदम मान वळवतात, आमच्याकडे नाही, पलीकडे.

भास म्हणावं तर दोघांना कसा? आणि हरणांचं काय? नंदन वाचला, मला तेवढं पुरायला हवं. तो ट्रेकच होता, असं आत्या अजूनही समजते. आम्ही अजून दर सप्टेंबरात वेलुवेला जातो, पण मी तोंड उघडत नाही. त्या ओला माझी हाळी द्यायची राहून गेलीय... आणि ती कुणाला द्यायची, हेच मला कळत नाही.